पॅनेलवर नाव आलेल्या नव्या वकिलाला: पहिला पक्षकार कोठडीत असताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुका न्यायालयात चार वर्षं वकिली झाली, विधी सेवा समितीच्या पॅनेलवर, म्हणजे गरिबांना मोफत द्यायच्या वकिलांच्या यादीत, नाव आलं आणि पहिलीच नेमणूक आली ती एका ऊसतोड कामगाराची. माणूस बीडकडचा, कारखाना कोल्हापूर भागातला. विहिरीवरची मोटर आणि केबल चोरल्याचा आरोप आहे आणि तो कोठडीत आहे. तुमच्याशी तो मोकळेपणाने बोलत नाही. बार रूममधले ज्येष्ठ सांगतात की पॅनेलच्या कामात जीव घालवू नका, तारखेला उभं राहिलं की झालं. हे काम नीट करता येतं का आणि कसं, असं तुम्ही विचारलं आहे.

करता येतं. दंडाधिकारी आणि सत्र न्यायालयात मी हे काम बरीच वर्षं करतो आहे, आणि त्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे. गरिबाला वकील द्यायचा की नाही, हा वाद कायद्याने कधीच मिटवला आहे. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने मोफत विधी सहाय्याचा अनुच्छेद ३९-अ आला, १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण अधिनियम ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाला, आणि तालुक्यापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत समित्या उभ्या राहिल्या. तरीही जामीन मिळण्याजोगी माणसं महिनोन्महिने आत राहतात, कारण वकील कागदावर वेळेत मिळतो आणि प्रत्यक्ष कामाला उशिरा लागतो. अटकेनंतरचे पहिले दिवस हातचे गेले की नंतर कितीही चांगला युक्तिवाद केला तरी झालेलं नुकसान भरून येत नाही. म्हणून माझं बरंचसं उत्तर त्या पहिल्या दिवसांबद्दलच आहे.

नेमणुकीचं पत्र हाती आलं की त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी भेटा. तारखेला न्यायालयाच्या व्हरांड्यात, हवालदाराच्या देखत, पाच मिनिटं बोलणं ही भेट नव्हे. न्यायालयीन कोठडीत असेल तर कारागृहात जा, नेमणूक पत्र दाखवून मुलाखत मागा आणि शांतपणे बसून ऐका. तो गप्प राहतो याचं कारण बहुतेक वेळा साधं असतं. सरकारने पाठवलेला वकील म्हणजे पोलिसांच्याच बाजूचा, अशी त्याची समजूत असते. तुम्ही त्याच्या बाजूचे आहात, त्याने सांगितलेलं तुमच्याकडून कुठे जाणार नाही आणि यासाठी त्याच्या घरच्यांनी कोणालाही एक रुपया द्यायचा नाही, हे त्याच्या भाषेत, एकदा नव्हे, दोनदा सांगा. पैशांचं मुद्दाम सांगा, कारण बाहेर कोणी ना कोणी त्याच्या बायकोकडून ‘साहेबांच्या खर्चाचे’ म्हणून पैसे मागायला टपलेलं असतं.

‘चोरी केलीस का’ हा पहिला प्रश्न नको. घरी कोण आहे, कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, बायको एकटी आहे का, मुलं कुणाकडे आहेत, अटकेची खबर गावाकडे गेली का, हे आधी विचारा. ऊसतोडीत काम कोयत्यावर, म्हणजे जोडीने चालतं. एक जण आत गेला की दुसऱ्याची कमाईही थांबते आणि मुकादमाची उचल, म्हणजे टोळी जमवणाऱ्या ठेकेदाराकडून हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम, अंगावर तशीच राहते. हे माहीत असलेला वकील समोर आहे असं दिसलं की तो बोलू लागतो. मग उचलीचा हिशोब नीट विचारून घ्या. उचल फिटली नाही किंवा टोळी सोडून जायची भाषा केली म्हणून चोरीची फिर्याद झाल्याची प्रकरणं मी पाहिली आहेत. तुमच्या प्रकरणात तसंच असेल असं मी म्हणत नाही, पण विचारल्याशिवाय कळणार नाही. आणि उचलीपोटी त्याला डांबून काम करून घेतलं जात होतं असं निघालं, तर ती वेठबिगारी आहे. त्याची स्वतंत्र तक्रार होते आणि त्या तक्रारीसाठीही विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम १२ खाली त्याला विधी सेवा मिळते.

भाषेकडे लक्ष द्या. तुमचा पक्षकार मराठी बोलणारा आहे म्हणून सोपं आहे. मेळघाटातला कोरकू, धडगावचा पावरी, भामरागडचा माडिया बोलणारा माणूस प्रत्येक प्रश्नाला ‘हो’ म्हणतो आणि आपण समजतो की त्याला कळलं. अशा वेळी दुभाष्या मागा आणि मागितल्याची नोंद रोजनाम्यात, म्हणजे न्यायालयाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत, यायला हवी, असा आग्रह धरा.

वयही विचारा, आणि आधार कार्डावर थांबू नका. शाळा कुठली, कितवीपर्यंत, दाखला मिळेल का, ते पाहा. गुन्ह्याच्या वेळी आरोपी १८ वर्षांखालील होता हा मुद्दा कोणत्याही टप्प्यावर, अगदी निकाल अंतिम झाल्यावरही काढता येतो. पुण्यातल्या १९९४ च्या एका खून खटल्यात फाशीची शिक्षा झालेला माणूस घटनेच्या वेळी साडेबारा वर्षांचा होता, हे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये मान्य केलं आणि त्याला सोडलं. तोवर त्याची २८ वर्षं तुरुंगात गेली होती. निर्णय शाळेच्या नोंदीवर झाला. ती नोंद पहिल्याच वर्षी कुणी शोधली असती तर काय झालं असतं, हा विचार मला प्रत्येक नव्या वकीलपत्राच्या वेळी येतो.

आता रिमांड, म्हणजे अटकेनंतर आरोपीला कोठडीत ठेवायचं की नाही याची सुनावणी. अटकेची कारणं लेखी आणि आरोपीला समजेल अशा भाषेत द्यायलाच हवीत, मग गुन्हा कोणताही असो, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात स्पष्ट केलं आहे. ती प्रत मागा. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात अटक का गरजेची होती हे पोलिसांनी कागदावर दाखवायचं असतं आणि दंडाधिकाऱ्यांनी ते तपासायचं असतं. २०१४ चा अर्नेश कुमार निकाल याचसाठी आहे. साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंतची शिक्षा आहे. तेव्हा अटकेऐवजी नुसती हजर राहण्याची नोटीस देऊन काम का भागलं नसतं, हा प्रश्न तुम्ही पहिल्या रिमांडलाच विचारायला हवा. बऱ्याच ठिकाणी पॅनेलवरचे वकील रिमांडला ‘हरकत नाही’ म्हणून मोकळे होतात. तिथेच सगळं बिघडतं. वकील पहिल्यांदा न्यायालयासमोर उभं करतानाच मिळाला पाहिजे, हे भागलपूरच्या अंधत्व प्रकरणात, खत्री निकालात, १९८१ मध्येच ठरलं. आरोपीने मागितला नाही म्हणून वकील दिला नाही, ही सबब चालत नाही, हे सुक दास प्रकरणात १९८६ मध्ये सांगितलं गेलं. आणि कसाबच्या निकालात, २०१२ मध्ये, हा हक्क आरोपीला समजावून सांगणं दंडाधिकाऱ्यांचं बंधनकारक काम आहे आणि त्यात कसूर झाली तर खातेनिहाय कारवाई होऊ शकते, इथपर्यंत न्यायालय गेलं. हे सगळं आरोपीच्या शेजारी नुसतं उभं राहण्यासाठी झालेलं नाही.

पहिल्या रिमांडच्या दिवशी डायरीत आणखी एक तारीख लिहून ठेवा: साठावा दिवस. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८७ खाली, मृत्युदंड, जन्मठेप किंवा दहा वर्षं आणि त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात ९० दिवसांत आणि इतर गुन्ह्यांत ६० दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही, तर जामीन हा आरोपीचा हक्क होतो. मोजणीत पहिल्या रिमांडचा दिवस धरायचा, हे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी ठरवून टाकलं आहे. पण हा हक्क मागावा लागतो. मुदत संपली, तुम्ही अर्ज दिला नाही आणि पोलिसांनी दोन दिवसांनी दोषारोपपत्र दाखल केलं, तर हक्क गेला. ज्याचा स्वतःचा वकील आहे, त्याचा अर्ज मुदत संपल्याच्या सकाळी टेबलावर असतो. ज्याला आपण नेमलेले असतो, त्याचाही तसाच असला पाहिजे. अर्ज आधीच टाईप करून ठेवा, दोषारोपपत्र आलं आहे का हे त्या दिवशी न्यायालयाच्या लिपिकाकडे स्वतः जाऊन बघा आणि अर्ज दिल्याची वेळ त्यावर घालून घ्या.

गरीब माणसं याहून जास्त अडकतात ती जामीन मंजूर झाल्यावर. आदेश होतो, पंधरा-वीस हजारांचा जातमुचलका, म्हणजे आरोपीने स्वतः लिहून द्यायची हमी, आणि तेवढ्याच रकमेचा स्थानिक जामीनदार. बीडच्या माणसाला कोल्हापुरात सातबारा देणारा कोण भेटणार? टोळीतल्या कुणाच्याच नावावर तिथे गुंठाभर जमीन नसते. मुकादम जामीनदार व्हायला तयार झाला तर त्याची किंमत पुढच्या हंगामात वसूल होते. हा प्रश्न नवा नाही. १९७८ मध्ये मध्य प्रदेशातल्या मोतीराम नावाच्या गवंड्याला दहा हजारांचा जामीन सांगितला गेला आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून तो नाकारला गेला. सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ही पद्धत चुकीची ठरवली. ३१ जानेवारी २०२३ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सांगितलं की स्थानिक जामीनदाराचा हट्ट हे सुटका रखडण्याचं एक कारण आहे आणि अशी अट घालू नये. त्याच आदेशानुसार जामिनाची प्रत ई-मेलने कारागृहात जायला हवी. सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं असतं, आणि महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर न्यायालय स्वतःहून अट शिथिल करण्याचा विचार करू शकतं.

म्हणून जामिनाचा युक्तिवाद करतानाच आरोपीची ऐपत सांगा. आदेश होऊन गेल्यावर अट बदलून मागण्यात आठवडे जातात. वैयक्तिक जातमुचलक्यावर सोडा, नाहीतर थोडी रोख रक्कम ठेवून घ्या, नाहीतर त्याच्या गावचा जामीनदार चालू द्या, असे तिन्ही पर्याय अर्जातच लिहा. गावाकडच्या माणसाचा सातबारा आणि ८-अ आधी मागवून ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली प्रत निदान दाखवायला उपयोगी पडते. रकमेअभावी माणूस अडकलाच, तर गरीब कैद्यांसाठी केंद्र सरकारची २०२३ ची योजना आहे. जिल्हा समितीच्या मंजुरीने कच्च्या, म्हणजे खटला अजून न संपलेल्या, कैद्याच्या जामिनासाठी आणि शिक्षा झालेल्याच्या दंडासाठी ठरावीक मर्यादेपर्यंत मदत होऊ शकते. प्रकरण आपोआप समितीपुढे जाईल या भरवशावर राहू नका, सचिवांना पत्र लिहा.

एवढं करूनही तो आत राहिला, तर नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ लक्षात ठेवा. पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या माणसाने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ कोठडीत काढला की त्याला बंधपत्रावर सोडायचं असतं. इतरांसाठी ती मर्यादा निम्मी आहे. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना हे लागू नाही, आणि अंगावर एकापेक्षा जास्त खटले असतील तर अडचण येते.

पात्रतेवरून वेळ घालवू नका. कोठडीत असणं हीच कलम १२ खाली पुरेशी पात्रता आहे. उत्पन्नाचा दाखला मागायचं कारण नाही. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग, औद्योगिक कामगार, जातीय अत्याचार किंवा पूर, दुष्काळ, भूकंपासारख्या आपत्तीची झळ पोचलेले, या कोणालाच उत्पन्नाची अट नाही. उरलेल्यांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तीन लाख रुपये आहे, आणि अविश्वास ठेवण्यासारखं काही नसेल तर प्रतिज्ञापत्र पुरतं. तरीसुद्धा एखाद्या बाईला ‘तहसीलदाराचा दाखला आणा’ म्हणून परत पाठवलेलं मी पाहिलं आहे. तुमच्यासमोर असं घडलं तर तिथेच थांबवा. तिचा दिवसाचा रोजगार बुडालेला असतो आणि पुन्हा ती येईलच याची खात्री नसते.

खटला उभा राहिल्यावर ‘आजच उलटतपास घ्या’ असा दबाव येईल. जलद न्यायाच्या नावाखाली काय होतं ते अनोखीलाल प्रकरणात दिसलं. मध्य प्रदेशातल्या खंडव्यात १९ फेब्रुवारी २०१३ रोजी आरोपीला वकील नेमला गेला, त्याच दिवशी दोषारोप निश्चित झाला आणि ४ मार्चला फाशीची शिक्षाही सुनावली गेली. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द करून खटला पुन्हा चालवायला सांगितला. जन्मठेप किंवा फाशी होऊ शकेल अशा खटल्यात किमान दहा वर्षं अनुभवाचा वकील द्यावा आणि तयारीसाठी साधारण सात दिवस तरी मिळावेत, हे तिथे ठरलं. फेरखटल्यात २०२४ मध्ये तो माणूस निर्दोष सुटला. तुमचा खटला एवढा गंभीर नाही, पण तत्त्व तेच आहे. जबाब, पंचनामे, जप्तीची यादी, सगळ्या प्रती हातात आल्याशिवाय साक्षीदाराला हात लावू नका. मुदत मागा, कारण लेखी द्या. चोरीच्या खटल्यात मोटर कुणाच्या ताब्यातून, कुठून, कुणासमक्ष जप्त झाली, पंच त्या गावचे आहेत की पोलीस ठाण्यात नेहमी सही करणारे, केबलवर ओळख पटेल अशी खूण आहे का, एवढ्यावर निकाल फिरतो. शक्य असेल तर एकदा त्या विहिरीवर जाऊन या.

बारमधल्या ज्येष्ठांबद्दल. फी कमी आहे आणि उशिरा मिळते, हे खरंच आहे. बिल लगेच, रोजनाम्याच्या नकलेसह द्या. राहिलेली बिलं एकदम दिली की अडकतात. पक्षकाराकडून मात्र झेरॉक्सचेही पैसे घेऊ नका, ते नियमात बसत नाही आणि एकदा घेतले की तुमच्यावरचा विश्वास संपला. पण ‘फी कमी म्हणून काम कमी’ हे मला मान्य नाही. त्या माणसाने तुम्हाला निवडलेलं नाही, त्याच्याकडे दुसरा वकील करायची सोय नाही. जे काम पटत नाही ते नाकारायची मोकळीक तुम्हाला आहे. घेऊन टाकून द्यायची नाही. उद्या एखाद्या भयंकर गुन्ह्यात ‘या आरोपीचं वकीलपत्र कोणी घ्यायचं नाही’ असा ठराव तुमच्या बारमध्ये झाला, तर असे ठराव बेकायदेशीर आहेत हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच, मोहम्मद रफी प्रकरणात सांगितलेलं आहे. नेमणूक आली तर घ्या. तालुक्याच्या गावात हे जड जातं, मला कल्पना आहे. त्या दिवशी तुमच्या शेजारी येऊन बसणारा एखादा ज्येष्ठही निघतोच.

जिल्ह्याच्या ठिकाणी २०२२ च्या योजनेतून लोक अभिरक्षक कार्यालयं सुरू झाली आहेत. तिथले वकील पूर्णवेळ फक्त आरोपींच्या बचावाचं काम करतात, खासगी वकिली करत नाहीत. त्यांच्याशी ओळख ठेवा. सत्र न्यायालयात जामीन अर्ज करायचा झाला तर तुमची टिपणं त्यांच्याकडे आयती पोचली पाहिजेत. कारागृहात येणारे विधी स्वयंसेवकही फार उपयोगी असतात. घरच्यांचा फोन नंबर शोधून काढण्यात त्यांच्याइतका हातखंडा कुणाचा नाही.

तुम्ही विचारलं नाही, पण पॅनेलवर पुढे सगळ्यात जास्त येतील त्या पोटगी मागणाऱ्या स्त्रिया, म्हणून थोडं लिहितो. अर्जासोबत मालमत्तेचं आणि उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र दोन्ही बाजूंनी द्यायचं असतं आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळते, हे रजनेश विरुद्ध नेहा या २०२० च्या निकालात आहे. तो वाद आपल्या नागपूरचाच. महाराष्ट्रात पोटगी, घटस्फोट आणि हिंसाचाराच्या प्रकरणांत स्त्रियांना न्यायालयीन शुल्क माफ आहे, तेव्हा तिला स्टँपचा खर्च सांगणाऱ्यांपासून सावध करा. आणि लोकअदालतीत जपून जा. तिथे झालेला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. लोकअदालत निर्णय देत नाही, दोघांच्या संमतीचीच नोंद करते. तिथल्या पॅनेलला ‘एवढ्यावर मिटवून टाका’ असं लादता येत नाही. थकीत पोटगीवर पाणी सोडून ‘नांदायला जाते’ असं लिहून देणारी बाई समोर असेल, तर तिला बाजूला घेऊन विचारा की घरी परत मार खावा लागला तर ती काय करणार आहे. उत्तर मिळेपर्यंत सही होऊ देऊ नका. निकाली प्रकरणांचा आकडा वाढवायचा असतो म्हणून प्रकरणं लोकअदालतीत ढकलली जातात. तो आकडा तुमचा नाही.

शेवटी निकालाबद्दल. तुमचा पक्षकार सुटला तर निकालाची नक्कल त्याला द्या, पुढच्या हंगामात दुसऱ्या ठाण्याने जुन्या नोंदीवरून उचलला तर तीच कामी येते. शिक्षा झाली तर त्याच दिवशी, कठड्यापाशीच, अपील करता येतं आणि त्यालाही वकील मिळतो हे सांगा. निकालाची प्रत मोफत मिळण्याचा आणि अपिलासाठी वकील मिळण्याचा हक्क १९७८ च्या होसकोट निकालात आला, तो महाराष्ट्रातलाच खटला. त्यात उच्च न्यायालयाच्या निकालाची प्रत कारागृहाकडे गेली असं सांगितलं जात होतं आणि कैद्याला ती मिळाल्याची सही कुठेच नव्हती. तो सर्वोच्च न्यायालयात पोचला तोवर शिक्षा भोगून झाली होती. दंडाधिकाऱ्यांच्या निकालावर सत्र न्यायालयात अपिलाला ३० दिवस असतात. मुदत, अपील कुठे करायचं, तुमचा फोन नंबर आणि जिल्हा प्राधिकरणाचा पत्ता एका कागदावर मराठीत लिहून त्याच्या हातात द्या, दुसरी प्रत बायकोला द्या. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा मदत क्रमांकही त्यावर लिहा. आणि तुमची संपूर्ण फाईल, उलटतपासाच्या टिपणांसह, अपील करणाऱ्या वकिलाकडे पोच घेऊन पाठवा.